महाराष्ट्रातील वाहनचालक प्रशिक्षण व अनुज्ञप्ती

महाराष्ट्रातील वाहनचालक प्रशिक्षण व अनुज्ञप्ती ही मोटार वाहन चालविण्यास पात्र व्यक्ती ठरविणारी आणि तिला तसा अधिकार देणारी शासकीय व्यवस्था आहे. ती मोटार वाहन अधिनियम, १९८८, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या आधारे चालते. राज्यात तिची अंमलबजावणी परिवहन आयुक्तांच्या अधिपत्याखालील मोटार वाहन विभाग प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांमार्फत करतो. बोलीभाषेत 'लायसन्स' किंवा 'वाहन परवाना' म्हटल्या जाणाऱ्या दस्तऐवजाला शासकीय मराठीत 'अनुज्ञप्ती' म्हणतात. शासकीय परिभाषेत 'परवाना' हा शब्द रिक्षा, टॅक्सी, ट्रक आदी वाहनांना भाड्याने वाहतूक करण्यासाठी मिळणाऱ्या परवानगीसाठी राखलेला आहे.

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात असून, कोल्हापूर येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा संकेतांक 'एमएच-०९' हा आहे.

इतिहास

ब्रिटिश भारतात मोटारींविषयीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ मध्ये झाला. वाहन चालविण्यासाठी अनुज्ञप्ती आवश्यक असणे आणि चालकासाठी १८ वर्षांची वयोमर्यादा असणे, ही तत्त्वे त्या काळापासून चालत आली आहेत. त्याची जागा मोटार वाहन अधिनियम, १९३९ ने घेतली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रदेश त्या प्रांताच्या परिवहन प्रशासनाखाली आला.

सध्याचा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात सर्वांत व्यापक बदल २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने केले. दंडविषयक बहुतेक नव्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाल्या. महाराष्ट्राने सुधारित तडजोड शुल्काची अंमलबजावणी काही काळ लांबणीवर टाकली व डिसेंबर २०२१ मध्ये ती सुरू केली.

पात्रता व प्रकार

सार्वजनिक ठिकाणी कोणतेही मोटार वाहन चालविण्यासाठी त्या प्रकारच्या वाहनाची वैध अनुज्ञप्ती जवळ असणे कलम ३ अन्वये बंधनकारक आहे. कलम ४ नुसार किमान वयाच्या अटी पुढीलप्रमाणे आहेत:

• ५० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक इंजिनक्षमता नसलेली मोटारसायकल: १६ वर्षे
• गिअर असलेली मोटारसायकल, मोटारकार व इतर खासगी वाहने: १८ वर्षे
• परिवहन वाहने, म्हणजे मालवाहू व भाड्याची प्रवासी वाहने: २० वर्षे

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सर्व पेट्रोल स्कूटरांची इंजिनक्षमता ५० घन सेंटिमीटरहून बरीच जास्त असते. त्यामुळे १६ ते १८ वयोगटाला दिलेली सवलत व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी ठरते. कनिष्ठ महाविद्यालयात गिअरविरहित स्कूटर नेणारा सतरा वर्षांचा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने अनुज्ञप्तीविना वाहन चालवीत असतो. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग व २५० वॅटपेक्षा कमी शक्ती असलेली, नियमांतील अटी पूर्ण करणारी बॅटरीवरील दुचाकी मात्र 'मोटार वाहन' या व्याख्येत येत नाही आणि तिला अनुज्ञप्ती लागत नाही.

परिवहन वाहनासाठी शिकाऊ अनुज्ञप्ती मिळण्यापूर्वी अर्जदाराकडे हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष असावी लागते. परिवहन वाहनचालकाने किमान आठवी उत्तीर्ण असावे, ही पूर्वीची अट २०१९ मध्ये रद्द करण्यात आली. २०२० मध्ये सौम्य ते मध्यम स्वरूपाचे रंगांधत्व असलेल्या व्यक्तींनाही अनुज्ञप्ती मिळण्याचा मार्ग खुला झाला.

शिकाऊ अनुज्ञप्ती

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते. तिच्यासाठी अर्जदाराला रस्त्यावरील चिन्हे, वाहतुकीचे नियम, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये, रक्षकविरहित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी आणि वाहनासोबत बाळगावयाची कागदपत्रे यांवर आधारित प्राथमिक चाचणी द्यावी लागते. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर असावी लागतात. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे 'सारथी' या संगणकप्रणालीवर ही चाचणी घरबसल्या देण्याची सोय झाली. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी यासाठी मारावी लागणारी खेप त्यामुळे वाचली. मात्र चाचणी अर्जदारच देत आहे याची खातरजमा करण्याचा प्रश्नही त्यातून पुढे आला.

शिकाऊ चालकाने वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगातील 'एल' हे अक्षर लावणे आवश्यक असते. त्याच्यासोबत त्या प्रकारच्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती वाहन तत्काळ थांबविता येईल अशा जागी बसलेली असावी लागते. मोटारसायकल शिकणाऱ्याला शिकविणाऱ्या व्यक्तीखेरीज अन्य कोणालाही मागे बसविता येत नाही.

प्रशिक्षण

मोटार ड्रायव्हिंग स्कूल

खासगी मोटार ड्रायव्हिंग स्कूलना कलम १२ व त्याखालील नियमांनुसार अनुज्ञप्ती घ्यावी लागते. प्रशिक्षणाच्या वाहनांना शिक्षकाच्या बाजूसही ब्रेक व क्लच अशी दुहेरी नियंत्रणे असणे अपेक्षित असते. केंद्रीय नियमांनी ठरविलेल्या अभ्यासक्रमानुसार खासगी वाहनांसाठीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे व त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे किमान १० तास असावेत. परिवहन वाहनांसाठी हे प्रमाण किमान ३० दिवस व १५ तास असे आहे.

परिवहन वाहनाच्या अर्जदाराला अशा संस्थेचे प्रमाणपत्र सादर करणे सक्तीचे आहे. मोटारसायकल व खासगी मोटारकारच्या अर्जदाराला मात्र संस्थेत शिकण्याची सक्ती नाही. तो वडील, भाऊ किंवा मित्र यांच्याकडून शिकून थेट चाचणीस बसू शकतो. ग्रामीण महाराष्ट्रात दुचाकी चालविणे बहुतांशी याच मार्गाने शिकले जाते. अशा शिक्षणात तोल सांभाळणे, गिअर बदलणे व वळविणे लवकर जमते. परंतु पुढील वाहनापासून राखावयाचे अंतर, आंधळ्या वळणावर व चौकात घ्यावयाची दक्षता, रात्रीच्या वेळी समोरून वाहन येताना दिव्यांचा झोत खाली करणे आणि आरशांचा नियमित वापर या सवयी लागतीलच असे नाही.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रे

केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम अधिसूचित केले व ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. अशा केंद्रात सदृशीकरण यंत्र आणि स्वतंत्र चाचणीपथ असावा लागतो. हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून तो चार आठवड्यांत, तर मध्यम व जड वाहनांचा ३८ तासांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत पूर्ण करावयाचा असतो. केंद्राची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते.

पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेशी संलग्न चालक प्रशिक्षण व संशोधन संस्था कार्यरत आहे. तेथील चाचणीपथावर इंग्रजी आठच्या अंकासारखी वळणे, 'एच' आकाराच्या मार्गावर वाहन मागे घेणे, चढावर थांबवून पुन्हा सुरू करणे व दोन वाहनांच्या मधल्या जागेत वाहन उभे करणे यांची परीक्षा संवेदक व कॅमेऱ्यांच्या साहाय्याने घेतली जाते.

वाहन चालविण्याची चाचणी

शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्याखेरीज पक्क्या अनुज्ञप्तीसाठी चाचणी देता येत नाही. मोटार वाहन निरीक्षक किंवा सहायक मोटार वाहन निरीक्षक ही चाचणी घेतात. वाहन सुरू करण्यापूर्वीची तपासणी, सुरक्षितपणे रस्त्यावर येणे, योग्य संकेत देणे, वळण घेणे, वाहनास मागे टाकणे, चढावर वाहन मागे न घसरता सुरू करणे, मागे घेणे आणि आणीबाणीच्या प्रसंगी झटकन थांबविणे या बाबी नियम १५ अन्वये तपासावयाच्या असतात.

अनुत्तीर्ण उमेदवाराला सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अनुत्तीर्ण झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. अनुज्ञप्तीवरील क्रमांकात राज्याची अक्षरे, कार्यालयाचा संकेतांक, वर्ष व सात अंकी अनुक्रमांक असतो. कोणत्याही राज्यातील अनुज्ञप्ती संपूर्ण भारतात वैध असते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या उपयोजनांतील तिची प्रत तपासणीच्या वेळी ग्राह्य धरली जाते.

मुदत, नूतनीकरण व निलंबन

२०१९ च्या सुधारणेनंतर खासगी वाहनांच्या अनुज्ञप्तीची मुदत धारकाच्या वयानुसार ठरते. तीस वर्षांखालील व्यक्तीस ती वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत, ३० ते ५० वयोगटात दहा वर्षांसाठी, ५० ते ५५ वयोगटात साठाव्या वर्षापर्यंत आणि त्यापुढे पाच वर्षांसाठी दिली जाते. परिवहन वाहनांची अनुज्ञप्ती पाच वर्षांसाठी, तर धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकांची तीन वर्षांसाठी असते. मुदत संपण्यापूर्वी किंवा नंतर एक वर्षाच्या आत नूतनीकरण करता येते. त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळीस वर्षांवरील अर्जदार व परिवहन वाहनांचे चालक यांना वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक असते.

वेगमर्यादेचे उल्लंघन, लाल दिवा ओलांडणे, मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे, प्रमाणाबाहेर माल भरणे, मद्यप्राशन करून वाहन चालविणे आणि वाहन चालविताना मोबाइल वापरणे या अपराधांत किमान तीन महिने अनुज्ञप्ती निलंबित करावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना दिले होते.

दंड व दायित्व

अनुज्ञप्तीविना वाहन चालविल्यास अधिनियमातील दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आला. अनुज्ञप्ती नसलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन देणारा मालकही स्वतंत्रपणे दंडास पात्र असतो. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास पहिल्या अपराधासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेल्मेट न वापरल्यास १,००० रुपये दंडासह तीन महिने अनुज्ञप्तीसाठी अपात्र ठरविण्याची तरतूद आहे.

कलम १९९अ हे अल्पवयीन चालकांसंबंधी आहे. अल्पवयीनाने अपराध केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या अल्पवयीनाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पालकांच्या दायित्वाचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला.

दंडापेक्षा मोठा आर्थिक परिणाम विम्याच्या संदर्भात होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील स्वर्णसिंग प्रकरणातील निर्णयानुसार, चालकाकडे वैध अनुज्ञप्ती नव्हती एवढ्यावरून विमा कंपनीला अपघातग्रस्त त्रयस्थाची भरपाई नाकारता येत नाही. मात्र मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अशा चालकाच्या हाती वाहन दिले असल्यास, दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. मृत्यूच्या प्रकरणांतील भरपाई कित्येक लाखांची असू शकत असल्याने सामान्य कुटुंबाची घर-शेती त्यापायी पणाला लागू शकते.

हुपरी व परिसर

हुपरी हे कोल्हापूरच्या आग्नेयेस कर्नाटक सीमेजवळ वसलेले, चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. पैंजण व इतर दागिने घडविण्याची कामे हुपरीबरोबरच रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली आदी गावांतील घराघरांत विभागून चालतात. घडणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांचा माल या घरांतून त्या घरांत नेला जातो व त्यासाठी दुचाकी हे मुख्य साधन आहे. जवळच कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत असून कामगारांची पाळीच्या वेळांतील ये-जा आणि मालवाहू वाहने यांचा भार याच रस्त्यांवर पडतो.

हुपरी-यळगूड येथे जवाहर शेतकरी सहकारी साखर कारखाना आहे. साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालणाऱ्या गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रक, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या परिसरातील अरुंद रस्त्यांवरून रात्रंदिवस जातात. या वाहतुकीच्या संदर्भात अनुज्ञप्तीविषयक अनेक प्रश्न एकत्र येतात.

ट्रॅक्टरचालकाची पात्रता. अधिनियमातील 'हलके मोटार वाहन' या व्याख्येत ७,५०० किलोग्रॅमपेक्षा जास्त वजन नसलेला ट्रॅक्टरही येतो. ट्रॅक्टर चालविण्याची वैध अनुज्ञप्ती असलेल्या व्यक्तीने त्यास ट्रॉली जोडली, एवढ्याच कारणाने ती अपात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात म्हटले. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते, हे २०१७ च्या मुकुंद देवांगन प्रकरणातील मत घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले. असे असले तरी, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना वाढणारे थांबण्याचे अंतर, उतारावर मागून येणारा रेटा व वळणावर ट्रॉली आत खेचली जाणे यांचा अनुभव मोटारकारवर दिलेल्या चाचणीतून मिळत नाही. अनुज्ञप्तीची वैधता व प्रत्यक्ष कौशल्य यांतील ही तफावत ट्रॅक्टर वाहतुकीत विशेष जाणवते.

रात्रीची दृश्यता. ट्रॉलीच्या मागील बाजूस दिवे नसणे, बाहेर आलेल्या उसाने परावर्तक झाकले जाणे आणि बंद पडलेली ट्रॉली सूचनाचिन्हाविना रस्त्यावर उभी राहणे, या कारणांनी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अडथळा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. यासाठी परिवहन विभाग, पोलीस व साखर कारखाने हंगामाच्या प्रारंभी वाहनांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा घेतात.

कायद्याबाहेरील वाहने. मोटार वाहन अधिनियम यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनांपुरता असल्याने बैलगाडीच्या चालकाला अनुज्ञप्ती लागत नाही. तरीही तीच बैलगाडी भरधाव मोटारींच्या रस्त्यावर असते. त्यामुळे तिच्या सुरक्षिततेचा भार मुख्यत्वे इतर वाहनचालकांच्या प्रशिक्षणावर पडतो.

सीमावर्ती भाग असल्याने निपाणी व चिकोडी परिसराशी नोकरी, बाजार व नातेसंबंधांमुळे नित्य ये-जा असते. सुधारित कायद्यानुसार अर्जदार ज्या राज्यात सामान्यतः राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या राज्यातील कोणत्याही अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो.

परदेशी व्यवस्थांशी तुलना

ग्रेट ब्रिटनमध्ये नवीन चालकांसाठी १ जून १९३५ पासून वाहनचाचणी सक्तीची झाली. तेथे १९९६ मध्ये स्वतंत्र लेखी चाचणी व २००२ मध्ये संभाव्य धोका ओळखण्याची चित्रफितीवरील चाचणी सुरू झाली. पहिल्या अनुज्ञप्तीनंतर दोन वर्षांच्या आत सहा दंडगुण झाल्यास ती रद्द होते व चालकाला शिकाऊ अवस्थेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. जर्मनीत मोटारकारसाठी ड्रायव्हिंग स्कूलमधील शिक्षण अनिवार्य असून ९० मिनिटांचे १४ सैद्धांतिक पाठ आणि गावाबाहेरील रस्ता, महामार्ग व रात्रीची वेळ यांसाठी मिळून १२ विशेष सराव पाठ घ्यावे लागतात. भारतातील चाचणी प्रामुख्याने वाहनावरील नियंत्रण तपासते, तर वरील व्यवस्थांत धोक्याचा अंदाज घेण्याच्या क्षमतेवर व रात्रीच्या सरावावर स्वतंत्र भर आहे.

परदेशी जाणाऱ्या भारतीयांना आपल्या परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहन चालन परवाना मिळतो. तो १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारित असून एक वर्ष वैध असतो. दीर्घकाळ वास्तव्य करणाऱ्यांना स्थानिक नियम लागू होतात. वैध भारतीय अनुज्ञप्तीवर ग्रेट ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिने, तर जर्मनीत सहा महिने वाहन चालविता येते. त्यानंतर तेथील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

रस्ता सुरक्षेची स्थिती

केंद्रीय रस्ते परिवहन व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती आणि याबाबत राज्य उत्तर प्रदेश व तमिळनाडूनंतर तिसऱ्या क्रमांकावर होते. देशातील मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्तींचा मृत्यू झाला व त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले सहप्रवासी होते. सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदी अतिवेग या कारणाखाली आहेत.

या आकड्यांवरून सर्वाधिक जीवितहानी दुचाकीस्वारांची होते, असे दिसते. नेमक्या याच वाहनप्रकारासाठी संस्थात्मक प्रशिक्षण सक्तीचे नाही आणि चाचणीही सर्वांत थोडक्या वेळात पार पडते. प्रशिक्षणाची सक्ती केल्यास अर्जदारांवर खर्चाचा बोजा पडेल व केंद्रे शहरांत एकवटल्याने ग्रामीण भागातील लोकांची गैरसोय होईल, असा आक्षेप घेतला जातो. दुसरीकडे, प्रशिक्षणाविना दिलेल्या अनुज्ञप्तीची किंमत अपघातग्रस्त कुटुंबे व सार्वजनिक रुग्णालये मोजतात, असा युक्तिवाद सक्तीच्या बाजूने केला जातो.

अपघातग्रस्तांना मदत

कलम १३४अ नुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही तिच्यावर करता येत नाही. धडक देऊन वाहन पळून गेल्याच्या प्रकरणांत १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना २ लाख रुपये व गंभीर जखमींना ५०,००० रुपये भरपाई देण्याची योजना लागू आहे. अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळविणे हे कलम १३४ अन्वये कर्तव्य असून, शिकाऊ अनुज्ञप्तीच्या प्राथमिक चाचणीत त्याचा समावेश आहे.